मॅनेजर चहाला येतात तेव्हा

आमच्या वडिलांना, दादांना, ठाकुर्लीपासून कोपर स्टेशनपर्यंत सगळे मॅनेजर म्हणायचे. शाळेत कुणी विचारलं की वडील काय करतात, तर मी बिनदिक्कत सांगायचो, मॅनेजर आहेत. मास्तरांनी एकदा विचारलं, कुठल्या बँकेत? मी म्हटलं, फुटबॉलच्या. सगळा वर्ग हसला आणि मास्तरही हसले. दादा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात स्टोअरला पिंपं हलवायचे हे मला ठाऊक होतं, पण ते त्यांचं खरं काम आहे असं आमच्या घरात कुणी धरतच नसे, दादा तर मुळीच नाही. कारखाना म्हणजे दोन सामन्यांच्या मधला वेळ. त्यांच्या नखांत कधी निळा, कधी जांभळा रंग बसलेला असे. तो आंघोळीनंतर टॉवेलला लागे, उशीच्या अभ्र्याला लागे. आई म्हणायची, ह्यांचा घामसुद्धा कंपनीच्या मालकीचा आहे. तिच्या जिभेला धार होती, आणि माझ्यात जे काही तिखट आहे ते तिचंच. दादांचं मी काय घेतलं ते मला अजून सापडलेलं नाही.

क्लबचं नाव बंदर इलेव्हन. खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मंडळींनी तो काढलेला, कमिटी त्यांची, मैदान त्यांच्या गावचं. पोरं मात्र सगळीकडची होती. अर्धी कोळीवाड्यातली, काही रेल्वे क्वार्टर्समधली, आणि आम्ही ठाकुर्लीच्या चाळीतले तिघंचौघं. जिल्ह्याच्या लीगमध्ये सगळ्यात खालचा जो गट असतो त्यात आम्ही खेळायचो. एकदा वर चढलो, आणि पुढच्याच मोसमात पुन्हा खाली आलो. दादांनी हे काम वर्षभरासाठी म्हणून अंगावर घेतलं, आणि माझं लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागली तरी ते तिथंच होते. त्यांनी कधी कप जिंकला नाही. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही खेळाडू पुढे पेपरात आला नाही. तरी त्या भागात त्यांना मान होता, आणि तो कशामुळे होता ते सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

आमची खोली एक, आणि त्यात संघाचं सगळं सामान. पलंगाखाली चेंडूंची जाळी, खिळ्याला शिट्टी, माळ्यावर गोलच्या जाळ्या. त्यांना खाडीच्या चिखलाचा वास कायमचा चिकटलेला. सामना झाला की जर्सी आमच्याकडे धुवायला येत. पहिल्या जर्सी दादांनी कारखान्यातली उरलीसुरली पूड आणून घरीच रंगवल्या होत्या. घाम आला की त्यांचा रंग उतरे, आणि आमचा संघ सामना संपवून मानेपासून कमरेपर्यंत जांभळा होऊन घरी जाई. कल्याणची पोरं आम्हाला ‘जांभळं आली, जांभळं आली’ म्हणून चिडवायची. चाळीच्या सामाईक नळावर आई त्या जर्सी बडवायची तेव्हा मोरीतून जांभळं पाणी वाहायचं आणि शेजारच्या बायका आपली धुणी उचलून लांब सरकायच्या. सामन्याच्या दिवशी सकाळी पातेलंभर चणे उकडले जात. स्टोव्हचा भर्र आवाज, चण्यांचा वास, कोपऱ्यात सुकटीचा डबा, आणि या सगळ्याच्या मध्ये दादा चेंडूत हवा भरत बसलेले. पंपाचा तो सुस्कारा मला अजून ऐकू येतो. हवा भरून झाली की ते चेंडू कानाशी धरून बोटाने टिचकी मारत, आणि समाधान झालं नाही तर परत सगळी हवा काढून पहिल्यापासून भरत. माणसांशी मात्र ते असे वागत नसत. माणसाबद्दल एकदा ठरलं की ठरलं.

आता त्यांच्या चहाबद्दल. दुसऱ्या क्लबांत सामन्याच्या आधी कुणीतरी मैदानावर नावं वाचून दाखवी, ज्याचं नाव आलं नाही तो मान खाली घालून चालू लागे. दादांना ते पटत नसे. माणसाला चारचौघांत असं बाहेर बसवू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ज्याला बसवायचं असेल त्याच्या घरी ते आदल्या दिवशी संध्याकाळी स्वतः जायचे. कारखान्यातून सुटले की तसेच, अंगावर रंगाचे डाग घेऊन. दारात चपला काढायच्या, बसायचं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची चौकशी करायची, दिलेला चहा संपवायचा, आणि मग पोराच्या आईवडलांसमोर सांगायचं. वाक्यं ठरलेली होती. ‘उद्या ह्याला बाहेर ठेवतोय. वाईट खेळतो म्हणून नाही. उद्याच्या सामन्याला दुसरा लागतो म्हणून.’ एवढं बोलून उठायचं. कुणी वाद घातला तर ऐकून घ्यायचं, पण निर्णय बदलायचा नाही.

ही गोष्ट इतकी ठरून गेली की सामन्याच्या आदल्या दिवशी दादा कोळीवाड्याच्या गल्लीत शिरले की पोरं घराघरांत ओरडत सुटायची, मॅनेजर आला, मॅनेजर आला. ज्याच्या मनात धाकधूक असे तो मागच्या दाराने खाडीवर पळे. आमच्या गोलकीपरची आजी तर दादांना लांबून पाहिलं की ओरडून सांगायची, दूध नासलंय, साखर संपलीय, उद्या या. तरीही ते बसत, आणि शेवटी तीच म्हातारी चहा आणून पुढ्यात ठेवी. चहाला सरळ ‘नाही’ असं कुणी कधी म्हटलं नाही. रुसलेल्या घरांतही कप पुढे येई.

कप येई असं मी म्हटलं खरं, पण सगळीकडे कप येत नसे. सुरुवातीच्या दिवसांत दोनतीन घरं अशी होती की जिथे दादा ओट्यावरच बसत, आणि त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला ग्लास बाहेर येई. आम्ही कोण ते सगळ्यांना माहीत होतं. दादा त्याच ग्लासातून चहा पीत, ग्लास स्वतः विसळून ठेवत, आणि त्या घरातलं पोरगं चांगलं खेळत असलं तर पुढच्या सामन्याला त्यालाच पहिला घेत. घरी येऊन ते यातलं काही सांगत नसत. आईला बाहेरून कळायचं, आणि मग तिचा पट्टा सुरू व्हायचा. दादा एवढंच म्हणत, ‘आपल्याला दुप्पट स्वच्छ राहावं लागतं.’ पुढे ते ग्लास गेले, दादा घरात जाऊन खुर्चीवर बसू लागले. ते त्यांनी न भांडता मिळवलं, असं लोक कौतुकाने सांगतात. खरंच आहे ते. फक्त त्याची किंमत कुणी चुकती केली, एवढंच कुणी विचारत नाही.

मी डाव्या पायाचा, डाव्या कडेने खेळणारा. तेव्हाच्या भाषेत लेफ्ट आउट. आमच्या मैदानाची डावी बाजू खाडीला लागून होती आणि मोठ्या भरतीला तो कोपरा ओला व्हायचा. बाहेरून आलेला संघ तिथे घसरून पडायचा. मला मात्र त्या चिखलातच चेंडू पायाला चिकटवून धरायची सवय झालेली. बाहेरून पळत जायचं आणि एकदम आत वळायचं, हे माझं ठरलेलं. त्याच जागेवर हरेश खेळायचा. कोळीवाड्यातला, माझ्याच वयाचा, आणि माझा दोस्त. हरेश वाऱ्यासारखा पळायचा, पण पळता पळता चेंडू कधी कधी मागेच राहायचा, आणि त्यालाच त्याचं हसू यायचं. त्या मोसमात बहुतेक सामने मी खेळलेलो. हरेश शेवटी शेवटी उतरायचा. यावरून आमच्यात कधी कुरबुर झाल्याचं मला आठवत नाही.

मी बारावी होऊन घरी बसलेलो. दादांच्या कारखान्यात माणसं कमी करायला सुरुवात झालेली, आणि दादांचा नंबर कधी लागेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. अशात एका रेफ्रीने निरोप आणला. ठाण्याच्या एका मोठ्या कंपनीचा फुटबॉल संघ होता, त्यांच्या लेफ्ट आउटचा गुडघा गेलेला. त्यांचे स्पोर्ट्स ऑफिसर आमचा कल्याणचा सामना बघायला येणार होते, त्या जागेसाठी पोरगा शोधत. तेव्हा अशा कंपन्या खेळाडूंना नोकरीवर घेत. सकाळी सही करायची, दुपारी सरावाला जायचं, आणि खेळून झालं की आयुष्यभर पर्मनंट. कँटीन, युनिफॉर्म, पुढेमागे क्वार्टर. आजच्या पोरांना यातली गंमत कळणार नाही. आमच्या चाळीत पर्मनंट हा शब्द देवाच्या नावासारखा उच्चारला जायचा.

आईने तर नोकरी लागल्यासारखीच तयारी चालवली. दादांच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात आलं. माझ्या बुटांच्या तुटक्या लेस काढून तिने नव्या ओवल्या. लग्नाला आलेली माझी बहीण शोभा, गळकं छप्पर, दादांचा खोकला, सगळ्यावर तिच्याकडे आता एकच उत्तर होतं, मिलिंदचं होऊ दे. शेजारणी विचारायच्या, मुलाखत कधी? ती म्हणायची, मुलाखत नाही, मॅच आहे. मी रोज पहाटे मैदानावर जाऊन एकटाच कॉर्नर मारायचो. त्या दिवसांत मला भीती वाटत नव्हती. मला माझा खेळ माहीत होता, आणि तो ऑफिसर आंधळा नसेल एवढंच मला हवं होतं.

सामन्याच्या आधीच्या सरावाला कमिटीचे बळीशेठ आले होते. माणूस वाईट नव्हता, पण बोलताना गर्दी लागायची त्याला. पाचपंचवीस लोकांच्या समोर ते दादांना म्हणाले, “मॅनेजर, आता कं, तुमचा घरचाच कारभार हाय. पोऱ्या तुमचा पक्का.” सगळे हसले. मीही हसलो, कारण मला त्यात हसण्यासारखंच वाटलं. दादा हसले नाहीत. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि सराव संपेपर्यंत काढली नाही. घरी आल्यावर मी ही गंमत आईला सांगितली तेव्हा तिचा लाटता हात थांबला. तिने विचारलं, दादा काय म्हणाले? मी म्हटलं, काहीच नाही. ती पुन्हा लाटू लागली, आणि मला वाटलं तिचं पोळीकडे लक्ष आहे.

आदल्या दिवशीची संध्याकाळ. आई स्टोव्ह पेटवून चहा टाकायच्या तयारीत होती, शोभा तांदूळ निवडत बसलेली, मी बुटांना तेल लावत होतो. दार उघडंच होतं. तरी कडी वाजली. आमच्या दाराची कडी कोण वाजवणार, चाळीत माणसं हाका मारत आत येतात. मी वर पाहिलं तर दादा. दारात उभे, कारखान्यातून तसेच आलेले, कोपरापर्यंत निळे. त्यांनी चपला बाहेर काढल्या. रोज ते चपला आत आणून पलंगाखाली सारत. मग आत येऊन, पाहुण्यासाठी ठेवलेली लोखंडी घडीची खुर्ची भिंतीवरून काढली, उघडली आणि तिच्यावर बसले. त्या खुर्चीवर मी त्यांना आधी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. आईकडे पाहून त्यांनी विचारलं, “तब्येत बरी ना?”

मला कळायला क्षणभर लागला. आईला तेवढाही लागला नाही. दुसऱ्यांच्या घरच्या या चहाच्या गोष्टी ती वर्षानुवर्षं ऐकत आलेली. तिने आधण उतरवलं. मग स्टोव्हची चावी फिरवली आणि सगळी हवा सोडून दिली. फुस्स करून ज्योत बसली, खोलीभर रॉकेलचा वास पसरला.

“ह्या घरात तुम्हाला चहा मिळणार नाही,” आई म्हणाली. “बोलायचंय ते बोला.”

दादांनी विझलेल्या स्टोव्हकडे पाहिलं. चहाशिवाय पुढचं कसं बोलायचं हे त्यांना सुचत नसावं. मग त्यांनी तीच वाक्यं म्हटली, अगदी तशीच, माझ्याकडे न बघता, आईला उद्देशून, तिऱ्हाईताच्या आईला सांगावं तशी. उद्या ह्याला बाहेर ठेवतोय. वाईट खेळतो म्हणून नाही. उद्याच्या सामन्याला दुसरा लागतो म्हणून.

आई म्हणाली, “त्या बळ्याच्या एका हसण्यावर तुम्ही पोराला विकलंत.”

“हरेश खेळेल,” दादा म्हणाले आणि उठले. खुर्ची मिटून भिंतीला लावली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि खाली निघून गेले. त्या दिवशी त्यांना आणखी कुणाच्या घरी जायचं नव्हतं, पण ते अंधार पडेपर्यंत आले नाहीत. मी तेल लावलेले बूट हातात घेऊन बसून होतो. राग आला, रडू आलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला लाज वाटली. आपल्यात काहीतरी कमी आहे, ते घरच्या माणसाला दिसलं आणि आपल्याला दिसलं नाही, याची लाज.

सामन्याला मी गेलो. न जाण्याची मुभा होती असं आता वाटतं, तेव्हा सुचलंच नाही. कल्याणच्या त्या मैदानाच्या कडेला फळकुटाचा बाक होता, त्याच्यावर राखीव म्हणून मी बसलो. ऑफिसर आले, गोरेसे, छत्री घेऊन. हरेश पळाला, पहिल्या अर्ध्यात चेंडू दोनदा मागे राहिला, मग एकदा नाही राहिला. त्याने मारलेला क्रॉस आमच्या सेंटर फॉरवर्डच्या डोक्यावर बसला आणि गोल झाला. मी टाळ्या वाजवल्या. पुढे बरोबरी झाली. दुसऱ्या अर्ध्यात आमचा मधल्या फळीतला हाफ लंगडायला लागला तेव्हा मी उठून अंग मोकळं करू लागलो, दादांच्या अगदी समोर, मुद्दाम. त्यांनी माझ्या डोक्यावरून मागे पाहिलं आणि बाकावरच्या दुसऱ्या पोराला हात केला. तो पोरगा बॅक होता, बचावातला. हाफच्या जागी बॅक उतरवला, पण मला उतरवलं नाही. संपल्यावर ऑफिसर हरेशशी बोलले आणि जाताना दादांशी हात मिळवून गेले.

हरेश माझ्याकडे आला. माझा हात धरून नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, साल्या, पार्टी दे. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून. तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्या आईने आमच्याकडे मोठा जिताडा पाठवला, कोळीवाड्यात खुशीला देतात तसा. आणणाऱ्या पोराबरोबर निरोप होता, “मॅनेजरना सांग, आमच्या पोऱ्याचं कल्याण केलंत.” आईने मासा परत धाडला नाही. स्वच्छ केला, हळद-मीठ लावलं, खोबरं वाटून कालवण केलं, भात केला. आम्हाला वाढलं. दादांना मधला तुकडा वाढला. स्वतः मिरची आणि भाकरी घेऊन आमच्याकडे पाठ करून बसली. त्या घरात इतकं चांगलं कालवण त्याआधी झालं नव्हतं. भूक होती, मी खाल्लं.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्या मोसमानंतर मी खेळणं सोडलं. दादांच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे लागलो, तो बंद पडल्यावर आणखी कुठे, मग आणखी कुठे. पर्मनंट कधी झालो नाही. शोभाचं लग्न रखडत रखडत झालं, हवं तिथे झालं नाही. आई दादांशी कामापुरतं बोलायची, आणि तशी बोलत बोलतच गेली. मी दादांना त्या संध्याकाळबद्दल कधी विचारलं नाही. माझं मी ठरवून टाकलं होतं. आई म्हणायची ते रागाचं. दादांना खेळ कळतो. इतकी वर्षं इतकी पोरं पाहिलेला माणूस, त्याला माझ्यात काहीतरी दिसलं असणार. मग मी शोधायला बसायचो. उजवा पाय लुळा होता माझा. डोक्याने खेळताना डोळे मिटायचे. शेवटच्या दहा मिनिटांत दम लागायचा. काही ना काही सापडायचं आणि बरं वाटायचं. ऑफिसरने आपल्याला नाकारलंच असतं, घरच्या घरी नाकारलो गेलो एवढंच. कारखान्याच्या गेटवर रोज ठेकेदाराची वाट बघताना या विचाराचा फार आधार होता. कमी पडलेल्या माणसाला कुणावर रागवावं लागत नाही.

दादांचं नाव मात्र त्या सामन्याने झालं. स्वतःच्या पोराला बसवणारा मॅनेजर. ही गोष्ट आधी कोळीवाड्यात फिरली, मग लीगमध्ये, मग ज्यांनी दादांना पाहिलंही नव्हतं ते लोक ती सांगू लागले. कमिट्या बदलल्या, भांडणं झाली, कुणी कुणाला काढलं, पण दादांकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नाही. ज्याला बसवलं तो मुकाट बसला. त्याचा बाप म्हणायचा, अरे, त्यांनी स्वतःच्या पोराला सोडलं नाही, आपण कोण? मी ते कौतुक आयुष्यभर ऐकलं. रिक्षा स्टँडवर, लग्नात, एकदा तर डॉक्टरच्या बाकावर. सांगणाऱ्याला माहीत नसायचं की तो पोरगा समोर बसला आहे.

मग मैदान गेलं. तिथे इमारती उठल्या, पाट्यांवर खाडीचं नाव आणि नळाला पाणी नाही अशा. क्लब बंद होणार म्हणून गावाने दादांचा सत्कार केला. मांडव, शाल, श्रीफळ, माइकची शिट्टी. बळीशेठ आता म्हातारे झालेले, भाषणाला तेच उभे राहिले. त्यांनी ती गोष्ट सांगितली, चांगली रंगवून. आईने चहा नाकारला तेही कुठून तरी त्यांना कळलेलं होतं, फक्त त्यांच्या गोष्टीत आई डोळ्यांत पाणी आणून म्हणते, तुम्ही म्हणाल ते बरोबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, तो मुलगाही आज इथे हजर आहे, मिलिंद, उभा राहा बाळा. मी तेव्हा पस्तिशीकडे झुकलेलो, शेजारी बायको, मांडीवर मुलगी. उभा राहिलो. टाळ्या आणखी वाढल्या. स्टेजवर दादांनी सगळ्यांना हात जोडले. हरेश पहिल्या रांगेत होता, ठाण्याहून मुद्दाम आलेला, त्याने मात्र मान वर केली नाही. त्या मांडवात माझ्याइतकाच अवघडलेला तोच एक माणूस होता, आणि त्याबद्दल मी त्याला अजून मानतो.

शेवटची काही वर्षं दादा माझ्याकडे टिटवाळ्याला होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनला तयार नव्हते. टीव्हीवर फुटबॉल लागला की खुर्ची पुढे ओढून बसायचे. म्हणायचे, मला माणसांची हालचाल कळते, चेंडू दिसत नाही, चेंडूचं तू सांग. मग मी शेजारी बसून सांगायचो, कॉर्नर झाला, थ्रो मिळाला, बाहेर गेला. आमचं दोघांचं बोलणं म्हणजे एवढंच होतं, आणि त्यात कुणाची तक्रार नव्हती. एका दुपारी परदेशातला कसला तरी सामना चाललेला. डाव्या बाजूचा एक काळा पोरगा पळत आला आणि एकदम आत वळला. दादा म्हणाले, “असं तू वळायचास.”

ते पुढे म्हणाले, “ह्याच्यापेक्षा लवकर वळायचास. जिल्ह्यात तुझ्यासारखा डावा पाय नव्हता.”

टीव्हीकडे बघत मी विचारलं, “मग हरेश?”

“हरेश पळायचा,” दादा म्हणाले. “खेळायचास तू.”

“मग मला का बसवलंत?”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी त्यांना नीट दिसत नव्हतो, तरी ते चकित झालेले दिसले. “तू चांगला होतास म्हणूनच तर,” ते म्हणाले. “हलका असतास तर बसवून काय उपयोग होता? लोक म्हणाले असते, खेळतच नव्हता, बसवला. तुझ्यासारख्याला बसवला म्हणून पुढे कुणाची तोंड उघडायची छाती झाली नाही. आपल्या माणसाने इतकी वर्षं तिथे टिकणं सोपं होतं का रे? मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधीच विसरणार नाही. समाधान होतं. आपण पोराला शाबासकी दिली, राहून गेलेली, अशा समजुतीत ते होते. माझा लुळा उजवा पाय, मिटणारे डोळे, शेवटचा दम, मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलेलं सगळं त्यांनी काढून घेतलं आणि त्या जागी कौतुक ठेवलं. त्यांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं. तेवढ्यात टीव्हीतले प्रेक्षक एकदम उठून ओरडायला लागले.

“काय झालं?” दादांनी विचारलं. “गोल झाला का रे?”

झाला होता. मी सांगितलं नाही.